शॅलफर्डची पाणचक्की: बंद पडलेली गिरणी वाचली ती कशामुळे

लंडनच्या नैऋत्येला सरे नावाची काउंटी आहे. तिथल्या गिल्डफर्ड शहराला लागून शॅलफर्ड गाव आहे आणि गावातून टिलिंगबोर्न नावाची छोटीशी नदी वाहते, नदी म्हणजे आपल्याकडचा बारमाही ओढाच म्हणा. या पाण्यावर अठराव्या शतकात बांधलेली एक पिठाची गिरणी आजही उभी आहे. खालचा भाग विटांचा, वर लाकडी सांगाडा आणि त्याच्या भिंतींना बाहेरून कौलं लावलेली, वरचा मजला पुढे आलेला आणि लाकडी खांबांवर टेकलेला. खाली गाडी उभी करायची आणि पोती दोराने वर ओढून घ्यायची, त्यासाठी ही सोय.

ही गिरणी १९१४ साली बंद पडली. त्या काळात इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत अशा शेकडो गिरण्या बंद पडत होत्या आणि बहुतेकींचं पुढे एकच व्हायचं, लोखंड भंगारात, चांगलं लाकूड दुसरीकडे, दगड कुणाच्या तरी बागेत पायरी म्हणून, आणि छप्पर गळायला लागलं की दहा-पंधरा वर्षांत सगळा खेळ खलास. शॅलफर्डला मात्र इमारत राहिली आणि आतली यंत्रंही बऱ्यापैकी राहिली. याच गोष्टीसाठी मला हे प्रकरण नीट मांडावंसं वाटलं, कारण ही गिरणी काही देशातली सगळ्यात जुनी नव्हती, सगळ्यात मोठी नव्हती आणि तिथं कुठला भारी शोधही लागलेला नव्हता. अगदी साधी, गावाची गिरणी. मग हीच का वाचली?

आधी पाण्याबद्दल बोलू, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. टिलिंगबोर्न लीथ हिलच्या उतारावर उगम पावते आणि साधारण १८ किलोमीटर वाहून शॅलफर्डपाशी वे नदीला मिळते. एवढ्याशा नदीवर इतक्या गिरण्या होत्या की नकाशावर टिंबं द्यायला जागा पुरू नये. त्याचं कारण भूगर्भात आहे. तिथला वालुकाश्म पावसाचं पाणी पिऊन ठेवतो आणि झऱ्यांमधून हळूहळू सोडतो, त्यामुळे उन्हाळ्यातही धार फारशी बारीक होत नाही आणि पावसाळ्यात एकदम लोंढाही येत नाही. गिरणीवाल्याला नेमकं हेच पाहिजे असतं. खूप पाणी नको, रोज सारखं पाणी पाहिजे. १०८६ साली विल्यम राजाने सगळ्या देशाची मोजणी करून जी वही लिहवून घेतली त्या डूम्सडे बुकात शॅलफर्डच्या नावावर तीन गिरण्या लागलेल्या आहेत, आणि अख्ख्या इंग्लंडात तेव्हा साधारण ६,००० गिरण्या नोंदवल्या गेल्या. म्हणजे आजची इमारत अठराव्या शतकातली असली तरी या गावात पाण्यावर दळण चालतंय ते हजारेक वर्षांपासून.

आणि गिरणी म्हणजे तिथं नुसती सोय नव्हती, ती सत्ता होती. मध्ययुगात जमीनदाराच्या कुळांनी धान्य जमीनदाराच्याच गिरणीत दळायचं असा नियम असायचा आणि दळणावळ म्हणून धान्यातला ठरावीक वाटा तिथंच कापून घेतला जायचा. घरी जातं ठेवलं तर गुन्हा! सेंट ऑल्बन्स गावची गोष्ट तर विसरता येत नाही, तिथल्या मठाधिपतीने चौदाव्या शतकात लोकांच्या घरातली जाती जप्त केली आणि मठातल्या खोलीत फरशी म्हणून बसवून टाकली, रोज त्याच्यावरून चालायला. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावात गावकरी मठात घुसले तेव्हा त्यांनी ती फरशी उखडली, दगड फोडले आणि एकेक तुकडा आपसात वाटून घरी नेला. ज्यांच्या घरात आजीने जात्यावर दळलंय त्यांना त्या तुकड्याची किंमत समजावून सांगायला लागणार नाही.

आता टिलिंगबोर्नच्या खोऱ्यात सगळ्याच गिरण्या पिठाच्या नव्हत्या, आणि इथं आपला थेट संबंध येतो. शॅलफर्डपासून थोडं वर चिलवर्थ आहे. तिथं १६२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने बंदुकीची दारू बनवण्याचा कारखाना काढला, याच नदीच्या पाण्यावर. कंपनीला जहाजांसाठी दारू लागायची, दारूला सोरा नावाचा क्षार लागतो, आणि पुढे त्याच सतराव्या शतकात कंपनी हिंदुस्थानातून, मुख्यतः बिहारमधून, जहाजं भरभरून सोरा विलायतेला नेत होती. कंपनीने स्वतः चिलवर्थ थोड्याच वर्षांत सोडलं पण दारूचा कारखाना वेगवेगळ्या मालकांकडे १९२० पर्यंत चालला. १९०१ साली तिथं झालेल्या स्फोटात ६ कामगार गेले. चिलवर्थलाच नोटांचा कागद बनवणारी गिरणीही होती, आणि १८२२ मध्ये विल्यम कॉबेट नावाचा तिखट लिहिणारा माणूस घोड्यावरून हे खोरं बघत गेला तेव्हा त्याचा भयंकर संताप झाला होता, की एवढ्या सुंदर जागी देवाने दिलेल्या पाण्यावर माणसं करतात काय, तर बंदुकीची दारू आणि कागदी नोटा. माझं मत थोडं वेगळं आहे. मला वाटतं या खोऱ्यातलं आजचं गोड हिरवं चित्र बघून लोक विसरतात की ही एक औद्योगिक पट्टी होती, कष्टाची, धुराची आणि जिवावर बेतणारी. शॅलफर्डची पीठगिरणी त्याच साखळीतली शेवटची कडी, नदी वे ला मिळायच्या जरा आधीची.

आत काय चालायचं ते जरा जवळून बघू. पाणी इमारतीच्या खालून जातं. चाकावर पाणी पडलं की चाकाचा आडवा आस फिरतो, त्याच्या आतल्या टोकाला मोठं दातेरी चाक, ते उभ्या खांबाला फिरवतं, त्या खांबावर आणखी एक मोठं दातेरी चाक आणि त्याच्या कडेने छोटी छोटी चाकं, एकेका छोट्या चाकावर दगडांची एकेक जोडी. पाण्याचं चाक मिनिटाला जेमतेम काही फेरे घेतं पण या मोठ्या-छोट्या चाकांच्या हिशोबामुळे वरचा दगड शंभराच्या आसपास फेरे घेतो. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, आपल्या जात्यासारखंच, फक्त दगड चार फूट रुंद आणि टनाच्या जवळपास वजनाचा. दोन दगड एकमेकांना टेकवायचे नाहीत, मधली फट कागदाएवढी आणि कडेला तर त्याहून बारीक, आणि ही फट पाण्याच्या वेगाप्रमाणे आणि धान्याप्रमाणे सारखी कमी-जास्त करावी लागते. गिरणीवाला खाली पडणारं पीठ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चोळून बघायचा, गरम लागलं किंवा भरड लागलं की लगेच स्क्रू फिरवायचा. काही आठवड्यांनी दगड उचलून उलटा करायचा आणि त्याला टाकी लावायची, ते काम दिवसभराचं आणि डोळ्यांत कण जाणारं.

दोन गोष्टी मला फार आवडतात त्या सांगतोच. एक म्हणजे घंटा. वरच्या पेटीतलं धान्य संपत आलं की धान्याच्या वजनाने दाबून धरलेला पट्टा ढिला पडतो आणि घंटी वाजते, कारण दगड कोरडे फिरले तर एकमेकांवर घासून ठिणग्या उडतात आणि हवेत पीठ असताना ठिणगी म्हणजे सगळी गिरणी पेटणार. दुसरी म्हणजे दात्यांचा हिशोब. लोखंडी चाकाला भिडणारं चाक मुद्दाम लाकडी दात्यांचं करायचे, सफरचंदाच्या किंवा हॉर्नबीमच्या लाकडाचे दाते, म्हणजे काही अडकलं तर एखादा लाकडी दाता मोडेल पण ओतीव लोखंडाचं महागडं चाक वाचेल, आवाजही कमी. आणि दात्यांची संख्या अशी ठेवायची की एक दाता जास्तीचा, त्यामुळे तोच दाता त्याच दात्याला दर फेऱ्याला भेटत नाही, भेट दरवेळी सरकत जाते आणि झीज सगळीकडे सारखी होते. हे कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नव्हतं, सुतारांनी पिढ्यानपिढ्या काम करता करता शोधलेलं होतं. जुनी गिरणी का वाचवायची असं कुणी विचारलं तर मी आधी हा जास्तीचा दाता दाखवीन.

मग एवढं सगळं असून बंद का पडली? गिरणीवाल्याची चूक नव्हती. १८४६ साली ब्रिटनने बाहेरच्या धान्यावर जकात लावणारे कायदे मोडीत काढले, त्यानंतर बाहेरचा गहू वाढत गेला, आधी रशिया आणि अमेरिका, आणि १८६९ ला सुएझ कालवा सुरू झाल्यावर पंजाबचा गहूसुद्धा कराचीहून निघून लिव्हरपूलला उतरायला लागला. हा परदेशी गहू कडक दाण्याचा, दगडात त्याचा कोंडा बारीक होऊन पिठात मिसळतो, आणि लोकांना तर पांढरा पाव पाहिजे. १८७० आणि ८० च्या दशकात हंगेरीत विकसित झालेलं पोलादी रोलरचं तंत्र इंग्लंडात आलं, ते कोंडा वेगळा ठेवून पांढरंशुभ्र पीठ काढतं, आणि असल्या मोठ्या वाफेवरच्या गिरण्या बंदरातच उभ्या राहिल्या, म्हणजे जहाजातून उतरलेला गहू तिथल्या तिथे पीठ. खेड्यातल्या गिरणीकडे उरलं काय, तर जनावरांचं खाद्य भरडणं. ते किती दिवस पुरणार? बिहारच्या सोऱ्यापासून पंजाबच्या गव्हापर्यंत या छोट्या इंग्लिश खोऱ्याचं नशीब आपल्याकडच्या मालाशी कसं बांधलेलं होतं ते बघून मला खरंच आश्चर्य वाटतं.

गिरणी होती गॉडविन-ऑस्टिन घराण्याच्या मालकीची. नाव ओळखीचं वाटतंय ना? शाळेच्या भूगोलात के-२ शिखराचं दुसरं नाव माउंट गॉडविन ऑस्टिन असं शिकलोय आपण, तेच घराणं. हेन्री हॅव्हरशॅम गॉडविन-ऑस्टिनने सर्व्हे ऑफ इंडियात काराकोरमची मोजणी केली, तो याच शॅलफर्डच्या जमीनदाराचा मोठा मुलगा, आणि त्याचे वडील नावाजलेले भूगर्भशास्त्रज्ञ. १९२३ ला हेन्री वारला. १९३० च्या सुमाराला गिरणी रिकामी पडलेली, मोडकळीला आलेली, पाडून टाकतील अशीच लक्षणं होती.

त्या वेळचं वातावरणही लक्षात घ्यायला पाहिजे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये ४० लाखांच्या आसपास घरं बांधली गेली. मोटारी आल्या, रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा पसरत गेल्या, गिल्डफर्डसारखं लंडनला जवळचं गाव तर पहिल्या झपाट्यात. क्लो विल्यम्स-एलिस या आर्किटेक्टने १९२८ मध्ये ‘इंग्लंड अँड द ऑक्टोपस’ हे पुस्तक लिहून हे सगळं एका अक्राळविक्राळ प्राण्यासारखं पसरतंय अशी ओरड केली आणि ते पुस्तक वाचून काही तरुण मुली पेटल्या.

त्यांनी स्वतःला नाव दिलं फर्ग्युसन्स गँग. सगळ्या विशीतल्या, सुशिक्षित, खात्यापित्या घरच्या, आणि सगळ्यांची नावं खोटी: बिल स्टिकर्स, रेड बिडी, सिस्टर अगाथा अशी. खरी नावं कुणाला सांगायची नाहीत ही शपथ. यातली बिल स्टिकर्स म्हणजे पेगी, पूर्ण नाव मार्गारेट ग्लॅडस्टन, पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या नात्यातली, लग्नानंतर पोलार्ड. ही केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात संस्कृत शिकलेली होती आणि पौर्वात्य भाषांच्या परीक्षेत डबल फर्स्ट, म्हणजे दोन्ही टप्प्यांत पहिला वर्ग, मिळवणारी पहिली बाई. पुढे ती कॉर्नवॉलला गेली, तिथली कॉर्निश भाषा शिकली, त्या भाषेत नाटक लिहिलं आणि तिथल्या कवींच्या मंडळात मानाने घेतली गेली. मरायला टेकलेल्या गोष्टी उचलून धरायच्या हा त्या बाईचा स्वभावच होता म्हणायला हरकत नाही.

आता केसचा गाभा. जुनी इमारत वाचवायची म्हणजे आधी ती कुणाच्या तरी नावावर सुरक्षित व्हायला हवी. जुन्या वास्तू आणि निसर्गरम्य जागा ताब्यात घेऊन जपणारा नॅशनल ट्रस्ट १८९५ पासून होता पण १९३२ चा ट्रस्ट म्हणजे आजचा अवाढव्य ट्रस्ट नव्हे, पैसे मोजकेच, आणि कुणी फुकट इमारत देतो म्हटलं तरी त्यांचा पहिला प्रश्न असायचा की दुरुस्तीचं आणि दरवर्षीच्या खर्चाचं काय. आणि बरोबरच होतं ते. गळकी गिरणी फुकट घेणं म्हणजे कायमचा खर्च गळ्यात घेणं. गँगने इथं नेमकं काम केलं, त्यांनी नुसतं ‘वाचवा हो वाचवा’ केलं नाही. मालक घराण्याने गिरणी द्यायची आणि पैसा गँगने उभा करायचा असं जमवून आणलं, १९३२ मध्ये गिरणी ट्रस्टकडे गेली. पैसे द्यायची पद्धत मात्र जगावेगळी. जानेवारी १९३३ मध्ये रेड बिडी चेहरा झाकून ट्रस्टच्या ऑफिसात गेली आणि १०० पाउंड ठेवून आली, जुन्या व्हिक्टोरियन नाण्यांमध्ये. पेपरवाल्यांना असली बातमी मिळाल्यावर ते सोडतात थोडंच. पुढे कधी खोट्या अननसातून पैसे आले, एकदा तर धातूचा अननस बघून लोकांना बॉम्बच वाटला होता. १९३५ मध्ये गँगमधला एक माणूस फर्ग्युसन या नावाने बीबीसी रेडिओवर ट्रस्टसाठी मदत मागून गेला आणि शेकडो नवे मेंबर मिळाले. लोकांना यात गंमत दिसते, मला हिशोबीपणा दिसतो. दुरुस्तीचा पैसा मागणं हे जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, त्याला त्यांनी बातमीची किंमत मिळवून दिली.

पण पैशाइतकीच महत्त्वाची गोष्ट आर्किटेक्टची, आणि हिच्याकडे लोक फार कमी लक्ष देतात. जॉन मॅकग्रेगर हा गँगचा माणूस, त्याला ते आर्टिचोक म्हणायचे. तो विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये काढलेल्या, जुन्या इमारती जपणाऱ्या संस्थेच्या परंपरेतला. त्या लोकांचा नियम साधा: जेवढं कुजलंय तेवढंच बदला, जुन्याला नवं रूप देऊ नका, आणि नवीन तुकडा जोडला तर तो नवीन आहे हे लपवू नका. त्या संस्थेने पवनचक्क्यांसाठी वेगळा विभाग १९३१ ला काढला, पाणचक्क्या त्यात आल्या १९४६ ला. म्हणजे शॅलफर्डची दुरुस्ती झाली तेव्हा पाणचक्की ही जपायची वस्तू आहे हे तज्ज्ञ मंडळींमध्येही अजून नीट रुजलेलं नव्हतं. दुसऱ्या कुणा आर्किटेक्टच्या हाती गेली असती तर त्याने यंत्रं काढून मस्त हॉल केला असता, बाहेरून गिरणी आणि आतून मोकळी खोली, असे नमुने इंग्लंडभर पडलेत.

मॅकग्रेगरने काय केलं, तर इमारत वाटून घेतली. एक भाग राहण्यासाठी ठेवला, म्हणजे तिथं चूल पेटणार, माणसं येणार-जाणार, छप्पर गळलं तर त्याच रात्री कळणार. दुसरा भाग यंत्रांसह तसाच. गँगने स्वतःच्या गुप्त बैठकांसाठीही गिरणीच निवडली, लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या उंची दुकानातून जेवणाच्या टोपल्या यायच्या, सभेचा वृत्तांत ‘द बू’ नावाच्या वहीत लिहिला जायचा. माझ्या मते गिरणी वाचण्याचं खरं कारण इथं आहे. १०० पाउंडांच्या नाण्यांची गोष्ट सगळे सांगतात, पण त्या पैशाने एकदा छप्पर दुरुस्त झालं असतं आणि नंतर वीस वर्षं कुणी कुलूप उघडलं नसतं तर लाकडाला कीड आणि ओल लागून सगळं परत तिथंच आलं असतं. रोज वापरात असलेली इमारत स्वतःची तक्रार स्वतः करते.

हे फक्त शॅलफर्डपुरतं नाही. विंचेस्टरची सिटी मिल घ्या, तीही पिठाचीच गिरणी, तीही ट्रस्टकडे, तिथं १९३१ पासून यूथ हॉस्टेल चालायचं, मुलं पाठीवर पिशव्या घेऊन यायची आणि पाण्याच्या आवाजात झोपायची. आणि उलट उदाहरण शॅलफर्डमध्येच आहे. गॉडविन-ऑस्टिनांचा मोठा वाडा, शॅलफर्ड हाउस, ज्याच्यापुढे ही गिरणी म्हणजे नोकरमाणसांची जागा, तो वाडा १९६० च्या दशकात पाडला गेला. के-२ वर नाव असलेल्या घराण्याचं घर गेलं आणि त्यांच्या कुळांचं दळण दळणारी गिरणी राहिली.

गँगने पुढे आयल ऑफ वाइटवरच्या न्यूटाउनचा जुना टाउन हॉल, स्टीव्हेंटनच्या जुन्या घरांची रांग, कॉर्नवॉलचे कडे अशा जागांनाही हात दिला. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि गँग पांगली. नावं मात्र बाहेर आली नाहीत. पेगी पोलार्ड १९९६ ला वारली तेव्हा कुठे जगाला नीट कळलं की बिल स्टिकर्स कोण होती. रेड बिडी म्हणजे रेचेल पिनी, पुढे डॉक्टर झालेली. साठ वर्षं तोंड बंद ठेवणं, तेही असं काम केलेलं असताना ज्याचं श्रेय घ्यायला कुणीही धावत गेलं असतं, याबद्दल मला त्या बायकांचा मनापासून आदर वाटतो.

एक वाद उरतो आणि तो खरा वाद आहे. गिरणीत परत दळण सुरू करावं का? विंचेस्टरला २००४ पासून पुन्हा पीठ निघतं, लोक विकत नेतात, मुलांना धान्य ते पीठ असा प्रवास डोळ्यांनी दिसतो, यापेक्षा चांगला धडा नाही. पण तिथलं बरंचसं नव्याने करावंच लागणार होतं. शॅलफर्डला जुने दाते, जुने आस, जुनी पेटी आहे, आणि यंत्र चालवायचं म्हटलं की आधी सुरक्षेसाठी कमजोर लाकूड बदला, मग दाते बदला, मग आस, आणि दहा वर्षांनी बघाल तर चालू गिरणी आहे पण अठराव्या शतकातल्या सुताराचा हात कुठेच नाही. त्यामुळे मी शॅलफर्डच्या बाबतीत न दळण्याच्या बाजूचा आहे. दळणाऱ्या गिरण्या इंग्लंडात आहेत, आणखी होतीलही. ज्या सुताराने तो जास्तीचा दाता मोजून बसवला, त्याची पटाशी लागलेलं लाकूड दुसरीकडून आणता येणार नाही.